जूनमधली छाटणी

ब्रायनीने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं.

सकाळचे दहा वाजायला आले होते. गवत गोठलेल्या दहिवराने पांढरं आणि ताठ झालेलं... पाऊल टाकलं की करकर वाजणारं. आणि मावशीच्या लिंबाच्या झाडापुढे, भिंतीकडे तोंड करून, पाय जरा फाकवून एक उंच माणूस उभा.

आमच्याकडचे पुरुष लिंबाच्या झाडाशी जाऊन काय करतात, हे ऑकलंडच्या मुलीलाही ठाऊक असतं. झाडाला ते खत मानवतं म्हणतात. पण म्हणून परक्याच्या अंगणात?

"ओ! लाज नाही वाटत?" स्वयंपाकघराच्या दारातून ती ओरडली.

तो माणूस दचकलासुद्धा नाही. मान तेवढी वळवून म्हणाला, "ते शनिवारी. आज गुरुवार आहे."

मग तो पुरता वळला. त्याच्या दोन्ही हातांत चादरी होत्या — जुन्या, फुलाफुलांच्या, रात्रभराच्या गारठ्याने पत्र्यासारख्या कडक झालेल्या.

"आंटी मर्नांनी सांगितलं नाही वाटतं? लिंबावरच्या चादरी सकाळी दहाला काढायच्या, दुपारी चारला घालायच्या. मी एरू. बागेचं बघतो."

"आणि... शनिवारी?" ब्रायनीच्या तोंडून निघून गेलं.

"आंटींचे यजमान डग होते तोवर ते काम त्यांचं होतं. ते गेल्यावर आंटी म्हणाल्या, झाडाची सवय मोडायला नको." तो अगदी गंभीर होता. "घाबरू नका. मी घरून बाटलीत आणतो. झाकणाच्या."

ब्रायनी आत गेली आणि तोंडावर टॉवेल दाबून हसली. हे मला कसं कळलं? माझ्या स्वयंपाकघराची खिडकी मर्नाच्या खिडकीसमोरच आहे, त्याला मी काय करणार? बाकीचं दोघांनी मला वेगवेगळं सांगितलं. दोन्ही बाजू जुळवून बघायची मला सवयच आहे, आणि या दोघांच्या जुळल्या.

आमचं ग्लेनरोआ डोंगराच्या पायथ्याशी. ऋतू इथे उलटे: ख्रिसमस उन्हाळ्यात, आणि जून ते ऑगस्ट पाणी नळातच गोठतं. गुडघे दुखायला लागले की इथली म्हातारी माणसं क्वीन्सलंडला ऊन खायला जातात. मर्नाही यंदा तीन महिने गेली, आणि घर-बाग भाचीच्या हाती सोपवून गेली. ब्रायनी तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी. ती बहीण आता नाही. तेव्हा या जगात ब्रायनीचं हक्काचं माणूस म्हणजे मर्नामावशी, बस्स. वय तीस. पाच वर्षं टिकलेला साखरपुडा नुकताच मोडलेला. ऑफिसातून तीन महिन्यांची रजा घेऊन आली होती, आणि तोंडावर 'मला कुणाशी बोलायचं नाही' असा भाव घेऊन.

तो भाव नऊ दिवस टिकला. मी मोजले.

कारण चादरी. लिंबाला दहिवरापासून झाकायला एक माणूस पुरतं. पण सकाळी चादर ओली, जड, आणि तिची घडी घालायची तर दोघं लागतात. दोन टोकं त्याच्याकडे, दोन तिच्याकडे. ताणायची, झटकायची — बर्फाचा भुगा उन्हात उडायचा — मग दोन पावलं पुढे, त्याच्या हातातली टोकं आपल्या हातात घ्यायची. एवढंच. त्यात काय आहे? पण घडी करायला चार चादरी होत्या, आणि दुसऱ्या आठवड्यात दोघं त्यांच्या घड्या इतक्या सावकाश घालायला लागले की मला वाटलं चादरी वाढल्या की काय.

"तुमचे हात किती थंड आहेत," ती म्हणाली.

"तुमचे गरम आहेत, म्हणून तसं वाटतं."

"हातमोजे घालत नाही तुम्ही?"

"घालायचो," एरू म्हणाला. "गेल्या आठवड्यापर्यंत."

त्या दिवसापासून ती दोघं एकमेकांना अरे-तुरे करायला लागली.

एरू चौतिशीचा. गावातल्या बावीस बागा त्याच्याकडे. कुंपणं कापणं, वाटाण्याचा पेंढा वाफ्यांवर पसरणं, फळझाडांची छाटणी. त्याची आजी खाली मोएराकीला, समुद्राकाठी. महिन्यातून दोन-तीन दिवस तो तिच्याकडे जायचा. तिसऱ्या आठवड्यात तसाच गेला, आणि जाताना ब्रायनीला म्हणाला, "काही नवं करू नकोस हं. हिवाळ्यात बागेला काही न करणं हेच मोठं काम."

हे वाक्य कुठल्याही उत्साही मुलीला सांगू नये.

मर्नाने फ्रिजवर यादी चिकटवली होती. पक्ष्यांच्या पाण्यातला बर्फ फोडणे. डेलियावर पेंढा. बाहेरचा नळ बंद. त्यात हायड्रेंजियाच्या झुडपांचं नाव नव्हतं. जेवताना तोंड उघडा, असं कुणी लिहून ठेवतं का? ग्लेनरोआत शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं की हायड्रेंजियाची वाळलेली फुलं वसंतापर्यंत झाडावरच ठेवायची. भिजलेल्या कागदाच्या बोळ्यांसारखी दिसतात, कुरूप दिसतात, पण खालच्या डोळ्यांची, म्हणजे नव्या कोंबांची, ती थंडीतली टोपी असते. त्या डोळ्यांतच ख्रिसमसची फुलं असतात.

ब्रायनी मात्र ऑकलंडची. तिथे दहिवर पडत नाही. तिथे लोक भर हिवाळ्यात हायड्रेंजिया छाटतात आणि ते बरोबरच असतं. तिच्या शेजारणीने तिला नीट शिकवलं होतं — वाळकं फूल काढायचं, काडीवर खाली जाऊन डोळ्यांची पहिली टपोरी जोडी शोधायची, तिच्यावर तिरका काप. मुलीने दोन दिवस खपून घराच्या बाजूच्या रांगेतली एकोणीसच्या एकोणीस झुडपं छाटली. सुंदर छाटली. मी तेव्हा नेमकी टिमारूला डोळे तपासायला गेले होते, हे माझं दुर्दैव.

ही एकोणीस झुडपं डगने लावली होती. लग्नाच्या दर वाढदिवसाला मर्नाला एक. विसाव्याच्या आधी तो गेला. तेव्हापासून दर ख्रिसमसला मर्ना प्रत्येक झुडपाचं एक निळं फूल तोडते आणि एकोणीस फुलं घेऊन कबरस्तानात जाते.

दक्षिणेचा वारा पडला, आकाश मोकळं झालं, आणि लागोपाठ दोन रात्री उणे सात.

मंगळवारी चारला एरू आला. ब्रायनी दारातच उभी होती. केस बिस विंचरून, उगाच.

"डोळे मीट," ती म्हणाली. "एक गंमत दाखवायचीय."

त्याने मिटले. तिने बाही धरून त्याला घराच्या बाजूला नेलं. "उघड!"

एरू गुडघ्यावर बसला, एका काडीवरचा डोळा बोटांत धरला. तो काळा पडला होता, आणि दाबल्यावर त्यातून पाणी निघालं. त्याने दुसरी काडी बघितली. तिसरी.

"चुकलं का काही?" ब्रायनीचा आवाज बारीक झाला.

"छाटणी छान केलीयस," तो हळूच म्हणाला. "अगदी... छान."

"एरू."

"आपल्याकडे सप्टेंबरात करतात. दहिवर संपल्यावर."

मग तिने विचारलं आणि त्याने सगळं सांगितलं. टोपीचं. डगचं. एकोणीस फुलांचं. ती पायरीवर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"मावशीला आत्ता फोन करते," ती म्हणाली. पण उठली नाही. "आई गेली तेव्हा मावशीने मला सांगितलं होतं, माझ्या घरात तुला कधी विचारून यावं लागणार नाही. आणि मी तिच्या घरात येऊन..."

"चहा टाक," एरू म्हणाला. "चादरी मी घालतो."

ती आत गेली. आणि चादरी घालण्याआधी, लिंबापाशी उभा राहून, त्याने मर्नाला फोन केला.

चहा घेऊन ती बाहेर आली तेव्हा तो फोन खिशात टाकत होता. "झालं. मी सांगितलं आंटींना."

"काय सांगितलं?"

"की मी छाटली. गडबडीत. दुसऱ्या घरची समजून."

"तू?... आणि मावशीने विश्वास ठेवला?"

"पहिल्यांदा नाही ठेवला. मग ठेवला. मग बराच वेळ बोलल्या." तो जरासा हसला. "बागेत पाऊल ठेवायचं नाही म्हणाल्या."

"वेडा आहेस का? मी आत्ताच्या आत्ता—"

"ब्रायनी. मला आणखी एकवीस बागा आहेत. तुला दुसरी मावशी नाही."

आता इथे मुलीने ताडकन फोन उचलायला हवा होता. तिने नाही उचलला. मी तिच्या बाजूची आहे, तरी हे मांडलंच पाहिजे. ती त्या दिवशी घाबरली, आणि दुसऱ्या दिवशी उशीर झाला असं तिला वाटलं, आणि तिसऱ्या दिवशी आणखी.

एरूने मर्नाचा शब्द पाळला. बागेत पाऊल ठेवलं नाही. मागच्या गल्लीत, दगडी भिंतीच्या पलीकडे, बरोबर चारला, ती लिंबावर चादरी घालायची तेव्हा, येऊन उभा राहायचा. भिंत छातीएवढी.

"डावं टोक सुटलंय," भिंतीपलीकडून.

"दिसतंय मला."

"दिसतंय तर बांध."

"बांधायला दोन हात आहेत मला. चार नाहीत."

"दोन इकडे रिकामेच आहेत... पण बंदी आहे."

रिमझिम चालू असली की ती छत्री घेऊन भिंतीपाशी जायची आणि छत्रीचा अर्धा भाग भिंतीच्या पलीकडे धरायची. त्याने दोघंही अर्धी भिजायची. चादरी जागेवर बसल्यानंतरही अंधार पडेपर्यंत ती छत्री तशीच. काय बोलायचे कोण जाणे. एकदा कानावर आलं ते एवढंच —

"हल्ली कामं नाहीत का तुला? चारच्या आधीच हजर असतोस."

"हिवाळ्यात कमीच असतात."

खोटं बोलत होता. एरूचा फोन आला त्याच संध्याकाळी मर्नाने कोरल ब्लेअरला फोन केला होता. कोरल आमच्या बागमंडळाची अध्यक्ष. कोरलला कळलं म्हणजे गावाला कळलं. मी स्वतः फक्त दोघींना सांगितलं. पण बावीस बागांची गोष्ट आहे — जूनमध्ये हायड्रेंजिया छाटणाऱ्या माणसाला आपल्या अंगणात कात्री घेऊन कोण शिरू देईल? एकेकीने गोड आवाजात कळवलं. यंदा नको हं, एरू. मुलगा करणार आहे म्हणतो. बाविसाच्या पंधरा झाल्या, पंधराच्या अकरा. त्याने एका शब्दाने कुणाला काही सांगितलं नाही.

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी आमच्या सभागृहासमोरच्या वाफ्यात गुलाबांची छाटणी शिकवतात. सगळं गाव येतं. दरवर्षी एरू शिकवतो. ब्रायनी ते बघायला म्हणून आली — लाल मफलर, ओठांना काहीतरी लावलेलं — आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. बाहेर भुरभुर पाऊस होता, म्हणून आधी आत चहा.

एरू मागच्या भिंतीशी खुर्च्या मांडत होता. ते काम त्याच्याकडून कुणी काढून घेतलं नव्हतं.

कोरल उभी राहिली. "यंदा आपण जरा बदल केलाय. टिमारूहून एक गृहस्थ आले आहेत, बॅटरीवरची कात्री घेऊन. कारण आपल्या सर्वांना ठाऊक आहे."

"कसलं कारण?" ब्रायनीने मला विचारलं.

"अगं, एरू. तुझ्या मावशीची हायड्रेंजिया. निम्म्या बागा गेल्या ना बिचाऱ्याच्या. तुला माहीत नाही?"

तिच्या चेहऱ्यावरचा रंग कसा गेला ते मी पाहिलं. ती वळली आणि मागे बघितलं. एरूने तिच्याकडे पाहून मान हलवली — नको, नको.

ती उठली.

"ती मी छाटली," ब्रायनी म्हणाली.

कुणीतरी चहाचा बंब बंद केला.

"काय छाटली?" कोरल.

"मावशीची हायड्रेंजिया. एरू गावातही नव्हता. मी छाटली, एकोणीसच्या एकोणीस. आमच्याकडे ऑकलंडला याच दिवसांत छाटतात."

"ऑकलंड!" कुणीतरी उसासा टाकला, आणि अख्ख्या सभागृहाने मान डोलावली. सगळा उलगडा झाल्यासारखी.

"मग एरूने स्वतःवर का घेतलं?" कोरलने विचारलं.

"कारण मला मावशी एकच आहे."

"ते तुझं कारण झालं, बाळ," कोरल म्हणाली. चष्मा नाकावर खाली ओढून ती मागे बघायला लागली. "त्याचं कुठलं?"

त्रेचाळीस माणसं खुर्च्यांसकट वळली. एरूच्या हातात त्याची लोकरीची टोपी होती. ती तो पिळत होता. कानापर्यंत लाल झाला होता तो.

"मी म्हणतो," तो घसा खाकरून म्हणाला, "गुलाबांना उशीर होतोय."

असा हशा पिकला की टिमारूचे गृहस्थही हसले, त्यांना काही कळलं नव्हतं तरी. ब्रायनी हसली नाही. ती सरळ दाराबाहेर गेली. तिच्यामागे एरू. आणि मी कप गोळा करायला व्हरांड्यात गेले — कुणीतरी गेलंच पाहिजे होतं.

"कशाला बोललीस?" एरू म्हणत होता.

"तू कशाला गप्प राहिलास? निम्म्या बागा गेल्या तुझ्या! आणि मी रोज छत्री धरून तुला विचारतेय, कामं नाहीत का म्हणून!"

"बागा परत येतील गं. पण आंटी..."

"आता करते फोन. कोरलने करायच्या आत." तिने फोन बाहेर काढला. "तू थांब. जाऊ नकोस."

"मी कुठे जातोय?"

पलीकडे मर्नाने उचलला. ब्रायनीने एका दमात सांगून टाकलं, मध्ये श्वास न घेता. मग ऐकत उभी राहिली. पागोळ्या गळत होत्या. ब्रायनीच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं, ते सगळंच पावसाचं नव्हतं.

"सगळी?" अखेर मर्नाचा आवाज आला. ती बहिरी होत चालली आहे, म्हणून फोनवर ओरडते. मला कान लावावा लागला नाही.

"सगळी. मावशी, मी..."

"तीन आठवडे तू माझ्याशी दर रविवारी हवेच्या गप्पा मारल्यास."

"हो."

"झुडपांपेक्षा मला याचं वाईट वाटलं."

"मला भीती वाटली. तू म्हणशील, परत येऊ नकोस."

मर्ना म्हणाली — "मूर्ख मुली. ज्या घरात तुला विचारून यावं लागत नाही, तिथून तुला कोण घालवणार? मुळं जिवंत आहेत का?"

"एरू म्हणतो, आहेत."

"मग खालून नवी काडी येईल. ती यंदा वाढेल, शरदात, मार्च-एप्रिलला, डोळा धरेल, आणि पुढच्या ख्रिसमसला फुलेल. या नाही, पुढच्या. तोवर त्यांच्यापाशी राहायचं. पाणी तू घालायचंस, पेंढा तू पसरायचास. दोन उन्हाळे."

"मावशी, माझं ऑफिस..."

"ते झुडपांना जाऊन सांग. एरू आहे का तिथे? दे त्याला."

एरूने फोन गरम तव्यासारखा धरला.

"तू माझ्याशी खोटं बोललास."

"हो, आंटी. चुकलं."

"मी तुला नाही नाही ते बोलले. ऐकून कसं घेतलंस रे?"

"तुमचं बरोबर होतं. माणूस चुकीचा होता, एवढंच."

मर्ना हुंदका दिल्यासारखी हसली. "बंदी उठली. बाकीचं कोरलशी बोलून मी बघते. आणि काय रे — तिला सांगितलंस का?"

एरूने ब्रायनीकडे पाहिलं. ब्रायनीने पावसाकडे.

"नाही अजून, आंटी."

"मग माझ्याशी काय बोलतोयस?" आणि मर्नाने फोन ठेवला.

आतून कोरल हाका मारत होती. टिमारूच्या गृहस्थांची बॅटरी गारठ्याने बसली होती, आणि आता सगळ्यांना एरू हवा होता. "एरू! ए एरू!"

तो हलला नाही.

"मला बोलता येत नाही नीट," तो म्हणाला. "झाडांशी येतं."

"मग मला झाड समज."

"समजलो असतो तर केव्हाच..." तो थांबला. टोपी एका हातातून दुसऱ्या हातात गेली. "तू आलीस त्या गुरुवारपासून मला चारशिवाय घड्याळात दुसरं काही दिसत नाही. बागा गेल्या तेव्हा वाईट वाटलं. पण चार वाजायचे, आणि तू छत्री घेऊन यायचीस... आणि मला वाटायचं, उरलेल्या अकरा गेल्या तरी चालतील. आवडतेस तू मला, ब्रायनी. फार."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग दोन पावलं पुढे आली.

"दोन उन्हाळे सांगितलेत मावशीने," ती म्हणाली. "ऐकलंस ना?"

"ऐकलं." त्याचा आवाज पडला. "तुला जास्त वाटत असतील, तर मी बोलतो आंटींशी... रोपं मी सांभाळीन. तू ऑकलंडला..."

"एरू."

"अं?"

तिने त्याच्या हातातली पिळून पिळून वाकडी झालेली टोपी काढून घेतली, झटकली, आणि टाचा उंचावून त्याच्या डोक्यावर नीट बसवली, कानांपर्यंत. मग हात तिथेच राहू दिले.

"कमी सांगितलेत," ती म्हणाली.